मोटारीचा पंखा : रोग कोठे आणि उपचार कोठे

प्रतिवर्षी आपल्या स्मरणिकेत भावतावांची समीक्षा, करविषयक मार्गदर्शन आणि वर्षभरातील कार्याचा अहवाल सभासदांच्या हाती येतो. यंदा संपादक मंडळींनी मजकडे गव्हाच्या साठवणुकीवर लेख मागितला होता. त्या विषयावर मी याच पानांतून तीन वेळा लिहिले आहे, आणि गव्हात त्यानंतर काही फरक पडलेला नाही. सबब त्यांच्या अनुमतीने मी निराळाच विषय घेतला आहे. प्रस्तुत लेखक मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक घाऊक धान्यव्यापारी असून यंत्रशास्त्राचा पंडित नव्हे, हे आरंभीच नमूद करतो. परंतु या एका विषयाचे शिक्षण मी रोख पैसे मोजून घेतले आहे. ते इतरांस फुकट मिळावे, एवढाच हेतू.

आपल्या सभासदांपैकी बहुतेकांकडे आज मोटार आहे. चैत्र-वैशाखात गव्हाची आवक जोरात असते आणि त्याच दिवसांत आपल्याला जवाहर चौकातून करोंदची मंडी, तेथून सीहोर, आष्टा, विदिशा अशी धावपळ करावी लागते. म्हणजे आपला हंगाम आणि मोटारीच्या इंजिनाचा कसोटीचा काळ एकच. भोपाळचा पारा मे महिन्यात चाळीस अंशांपलीकडे जातो, चौकातून बाहेर पडण्यास कधी कधी अर्धा अर्धा तास लागतो, आणि गाडी नेमकी तेथेच तापते.

चार वर्षांपूर्वीची हकीकत आहे. परतवाड्यास आमच्या नात्यातील एक विवाह होता. आम्ही बैतूलमार्गे जाण्याचे ठरविले. गाडीत मी, सौभाग्यवती, माझा पुतण्या आणि अकरा वर्षे आमच्याकडे चाकरीस असलेला ड्रायव्हर, असे चौघे होतो. त्या आधी पंधरा दिवस सौ. दोनदा म्हणाल्या होत्या, "गाडी थांबली की आतला थंडावा जातो, चालू लागली की पुन्हा येतो. हे काय आहे, पाहून घ्या ना." मी उत्तर दिले की उन्हाळा आहे. ड्रायव्हरही एकदा दुकानाच्या पायरीशी उभा राहून म्हणाला होता, "सेठजी, सिग्नलवर पंख्याचा आवाज येईनासा झाला आहे." मी त्या वेळी हुंडीच्या हिशेबात होतो. दोघांनीही रोगाचे नाव सांगितले होते, हे मला फार उशिरा कळले.

त्या दिवशी चौकातील गर्दीत काटा थोडा वर गेला, पण मोकळ्या रस्त्यास लागताच खाली आला. नर्मदापुरम् ओलांडून इटारसीच्या वर्दळीत शिरलो तेव्हा पुन्हा चढला, पुन्हा उतरला. पुढे सातपुड्याच्या चढणीवर मालमोटारींच्या रांगेमागे गाडी मुंगीच्या चालीने जाऊ लागली आणि काटा तांबड्या रेषेस टेकला. ड्रायव्हरने मला न विचारताच गाडी बाजूस घेतली व इंजिन बंद केले. बॉनेट उघडले तर वाफ. माझा पुतण्या उत्साही. तो हातरुमाल घेऊन रेडिएटरचे झाकण उघडण्यास धावला. ड्रायव्हरने त्याचे मनगट धरून त्यास अक्षरशः मागे ओढले. मुलाला राग आला आणि मलाही ते उद्धटपणाचे वाटले.

झाकण उघडले असते तर काय झाले असते, ते सांगतो. रेडिएटरचे झाकण हे साधे झाकण नसून दाब धरून ठेवणारी झडप आहे. उघड्या भांड्यातील पाणी शंभर अंशांवर उकळते. परंतु झाकणाने आतील दाब वातावरणाच्या जवळजवळ दुप्पट ठेवल्यामुळे तेच पाणी सुमारे एकशेवीस अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडताच दाब एकदम जातो, आणि शंभराहून अधिक तापलेल्या पाण्यापैकी काहीची तत्क्षणी वाफ होऊन उरलेले उकळते पाणी कारंज्यासारखे तोंडावर उडते. हातरुमाल तेथे काय करणार? वरचा रबरी नळ हाताने दाबता येईल इतका थंड व मऊ झाल्याखेरीज झाकणास हात लावू नये. त्यास पाऊण तास लागला तर तेवढा वेळ थांबावे.

आम्ही तासभर थांबलो, पाणी भरले आणि सायंकाळच्या गार वाऱ्यात परतवाड्यास पोहोचलो. विवाह उत्तम पार पडला. भोपाळला परतल्यावर गाडी शहरातील एका मोठ्या वर्कशॉपात दिली. तेथील माणूस म्हणाला, पाण्याची बाटली रिकामी होती, ड्रायव्हर पाणी पाहत नसावा. त्यांनी थर्मोस्टॅट बदलला, नवे कूलंट भरले, आणि मी घरी येऊन ड्रायव्हरला हिशेब देऊन मोकळे केले. अकरा वर्षांचा माणूस. त्याने एवढेच म्हटले, "पाणी उकळून गेले म्हणून बाटली रिकामी झाली, सेठजी. बाटली रिकामी होती म्हणून उकळले नाही." कार्य कोणते आणि कारण कोणते, हा भेद त्यास कळत होता. मला कळला नाही.

दहा दिवसांनी माझा मुलगा स्वतः गाडी घेऊन जुमेरातीच्या बाजूने येत होता. गर्दीत काटा चढला. घर जवळच आहे, या विचाराने तो न थांबता तशीच गाडी घेऊन आला. तेवढ्या अंतरात इंजिनाचे अॅल्युमिनियमचे हेड तापून वाकले व हेड गॅस्केट गेले. हेड काढून मशीनवर सपाट करणे, नवे गॅस्केट आणि त्यातच पाण्याचा पंपही नवा, असा खर्च झाला. दहा क्विंटल उत्तम शरबती गव्हाचे पैसे त्यात गेले. आणि एवढे करून गाडी पुन्हा गर्दीत तापू लागली!

अखेर करोंदच्या वाटेवर एका झाडाखाली बसणाऱ्या वृद्ध मोटार-इलेक्ट्रिशियनने पाव तासात दोष शोधला. तो कसा शोधला हाच या लेखाचा गाभा आहे. परंतु तत्पूर्वी पंखा तेथे का असतो, हे समजून घेऊ.

इंजिनात जाळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश चाके फिरविण्याच्या कामी येते. तेवढीच धुराबरोबर निघून जाते आणि उरलेली इंजिनाच्या अंगात भरते. ती बाहेर काढली नाही तर लोखंडही टिकणार नाही. यास्तव इंजिनाभोवती पाणी खेळविलेले असते. पंप ते फिरवितो. थर्मोस्टॅट नावाची मेणाची झडप, पाणी ऐंशी-नव्वद अंशांच्या दरम्यान ठराविक तापमानास आले की, उघडते व पाणी रेडिएटरमध्ये जाऊ देते. रेडिएटर म्हणजे बारीक नळ्या आणि पातळ पत्र्यांची जाळी. मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मर्सिडिस गाडीस बसविला, तेव्हापासून मोटार खऱ्या अर्थाने दूर पल्ल्यास जाऊ लागली. जाळीतून वारा गेला की पाणी निवते. गाडी वेगात असेल तर वारा समोरून आपोआप मिळतो. गाडी उभी असली की वारा नाही, आणि तेवढ्यापुरता पंखा.

उन्हाळ्यात हेच प्रकरण कठीण का होते, याचा हिशेब सोपा आहे. रेडिएटरमधील पाणी पंचाण्णव अंशांवर आहे असे धरा. पौषात बाहेरची हवा पंधरा अंश असेल तर दोहोंत ऐंशी अंशांचे अंतर आहे. वैशाखात हवा त्रेचाळीस असेल तर अंतर बावन्नच राहते. उष्णता या अंतराच्या प्रमाणात बाहेर पडते. म्हणजे तीच जाळी, तोच वारा, पण काम सुमारे दोन तृतीयांशच. शिवाय वातानुकूलनाची जाळी रेडिएटरच्या पुढे बसविलेली असते व तिची उष्णताही रेडिएटरच्याच अंगावर येते. थंडीत जो दोष झाकून राहतो तो आपल्या हंगामात उघडा पडतो.

जुन्या गाड्यांत हा पंखा विजेचा नव्हता. आपल्याच समाजात जन्मलेले सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट घ्या, किंवा उत्तरपाड्याची अँबॅसॅडर घ्या, पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरत असे. १९५६ साली नवा मध्यप्रदेश होऊन भोपाळ राजधानी झाली, त्यानंतर आमचे वडील विदर्भातून येथे आले. त्यांची अँबॅसॅडर मला आठवते. पट्टा ढिला झाला की ती तापे, पट्टा आवळला की निवे, संपला प्रश्न. त्या रचनेत उणीव एवढीच की गर्दीत इंजिन मंद चालते तेव्हा पंखाही मंदच फिरतो, म्हणजे गरज अधिक तेव्हा वारा कमी. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिचे इंजिन आडवे बसविलेले असल्याने पंखा थेट पट्ट्याने रेडिएटरसमोर फिरविणे सोयीचे नव्हते. तेव्हापासून लहान गाड्यांत विजेचा पंखा रूढ झाला. तो इंजिनाच्या गतीवर अवलंबून नाही, गरज असेल तेव्हाच लागतो. परंतु त्याबरोबर तार, फ्यूज, रिले व सेन्सर ही नवी मंडळी आली, आणि दोष राहण्याच्या जागा एकाच्या सहा झाल्या. काही मोठ्या डिझेल गाड्यांत आजही पट्ट्याचा पंखा असतो, पण त्यात सिलिकोन तेलाचा क्लच असतो. तो क्लच निकामी झाला तर गरम इंजिनावरही पंखा हाताने अगदी सैल फिरतो. अर्थात इंजिन बंद करूनच ते पाहावे.

आता परीक्षा. आपण पोते फाडून माल पाहत नाही. परखी खुपसून नमुना काढतो, आणि कोणत्या थरात भेसळ आहे ते ओळखतो. येथेही तसेच करावे. पहिली परखी म्हणजे काटा केव्हा चढतो हे पाहणे. उभ्या गाडीत चढतो व धावत्या गाडीत उतरतो, तर संशय पंख्यावर. उलट मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना चढत असेल तर पंखा निर्दोष समजावा. मग रेडिएटर आतून तुंबणे, पाणी कमी असणे, पंप, थर्मोस्टॅट वा हेड गॅस्केट यांपैकी कोणी अपराधी असतो. ज्या नव्या गाड्यांत काटाच नाही, केवळ तांबडा दिवा आहे, त्यांच्या मालकांनी सौ.ची खूण लक्षात ठेवावी : गाडी उभी राहताच आतला थंडावा जाणे. वातानुकूलनाच्या जाळीसही वारा तोच पंखा पुरवितो. म्हणून इंजिन तापण्यापूर्वी ही खूण दिसते.

पंख्याविषयी आणखी एका आडवळणी गोष्टीचा उल्लेख येथेच करतो. इंजिन उकळत आहे आणि पंखा लागत नाही, एवढ्यावरून पंखा बिघडला असे म्हणता येत नाही. पाणी इतके कमी झाले की सेन्सरच्या टोकास पाणी न लागता हवा लागते, तर त्यास उष्णता नीट कळत नाही व तो पंखा लावीत नाही. तसेच काही गाड्यांत तापमानाचा स्विच रेडिएटरच्या टाकीत असतो. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर गरम पाणी रेडिएटरपर्यंत येतच नाही, स्विच थंड राहतो आणि बिचारा पंखा हुकमाची वाट पाहत राहतो. तेव्हा प्रथम थंड इंजिनात पाणी पाहावे. मग इंजिन तापल्यावर रेडिएटरचा वरचा व खालचा नळ चाचपावा. वरचा कढत व खालचा गार असेल तर पाणी फिरत नाही असे समजावे.

दुसरी परखी, वातानुकूलन लावून पाहणे. बहुतेक गाड्यांत ते लावताच थोड्या क्षणांत पंखा लागला पाहिजे. वातानुकूलनाने लागतो पण उष्णतेने लागत नाही, तर पंख्याची मोटर व तिची मुख्य तार ठीक आहे आणि दोष सेन्सर वा त्याच्या तारेत आहे. दोहोंनीही लागत नसेल तर फ्यूज, रिले, मोटर, जोडणी यांकडे वळावे. दोन वेगांच्या पंख्यात मंद वेग जातो व जलद तेवढा राहतो, तेव्हा बहुधा रेझिस्टर जळलेला असतो.

बॉनेट उघडून पंख्याजवळ जाण्यापूर्वी एक ताकीद. विजेचा पंखा किल्ली काढल्यावरही एकाएकी लागू शकतो. पात्यास हात लावायचा असेल तर बॅटरीची ऋण तार आधी काढावी. सैल बाही, उपरण्याचे टोक, गळ्यातील साखळी यांस तेथे थारा देऊ नये. बॅटरी तोडल्यावर पाते हाताने फिरवून पाहावे. जड फिरत असेल वा खरखरत असेल तर मोटरचे बेअरिंग गेले. काही मोटरी बंद पडल्या असता पाठीवर हलकेच ठोकले की चालू होतात. त्यांचे आतील कार्बन ब्रश झिजलेले असतात. अशी मोटर आज चालली तरी उद्या दगा देईल, ती बदलावी.

फ्यूज जळला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. तोही जळला तर मोटर अडकून अधिक वीज ओढत आहे वा तार कोठे घासली आहे असे जाणावे. मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालून काम भागविणारे मिस्त्री आहेत. त्यांच्या हातून गाडी जळते. रिलेची परीक्षा सर्वांत सोपी : पुष्कळ गाड्यांत भोंग्याचा वा दुसऱ्या एखाद्या कामाचा रिले हुबेहूब तसाच असतो. त्यावरील आकडे जुळवून दोहोंची अदलाबदल करावी. पंखा लागला तर नवा रिले आणावा. येथे टिचकीच्या आवाजावर विसंबू नये. टिचकी वाजते म्हणजे आतील लोहचुंबक हलते. विजेचा संपर्क जळालेला असला तरी टिचकी वाजतेच.

मोटरची कसोटी म्हणजे तिची जोडणी काढून बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या दोन तारांनी तिला थेट वीज देणे. फिरली तर मोटर चांगली. मात्र धन-ऋण उलटे झाले तर ती उलट फिरते. दुरुस्तीनंतर तारा उलट जोडून ठेवलेल्या गाड्याही असतात, पंखा जोरात फिरतो आणि गाडी तरीही तापते. रेडिएटरच्या मागे बसविलेला पंखा हवा आत ओढतो. समोर कागदाचा तुकडा धरला तर तो जाळीस चिकटला पाहिजे. उडून दूर गेला तर उलटे आहे.

तापमानाचा साधा दोन तारांचा स्विच असेल तर त्याच्या दोन तारा क्षणभर एकमेकींस जोडाव्या. पंखा लागला तर स्विच गेला. आधुनिक गाड्यांत मात्र हे करू नये. तेथे स्विचऐवजी सेन्सर असतो. पाणी तापले की त्याचा विद्युत्-अवरोध घटतो आणि गाडीतील संगणक त्यावरून तापमान ओळखून रिलेस हुकूम देतो. अशा पुष्कळ गाड्यांत सेन्सरची जोडणी काढली की संगणक सावधगिरी म्हणून पंखा लावून टाकतो. तेव्हा लागला तर पंखा, रिले, फ्यूज सर्व निर्दोष ठरतात. पंखा अकारण सतत फिरत राहतो तोही रोगच. बहुधा रिलेचा संपर्क चिकटलेला असतो, किंवा सेन्सर खोटे सांगतो. गाडी बंद केल्यावर काही मिनिटे फिरून थांबणे हे मात्र पुष्कळ गाड्यांत स्वाभाविक आहे. रात्रभर फिरून बॅटरी उतरविणे नव्हे.

आता आमच्या गाडीचे प्रकरण. त्या वृद्ध गृहस्थांनी प्रथम वातानुकूलन लावले, पंखा नाही. रिले बदलून पाहिला, नाही. मोटरला बॅटरीवरून थेट वीज दिली, तर ती झोकात फिरली. मग जोडणी पुन्हा लावून त्यांनी खिशातून टेस्ट लॅम्प काढला. टोकदार दांड्यात लहान दिवा व तारेच्या टोकास चिमटा, एवढेच ते साधन. चिमटा बॅटरीच्या ऋण टोकास लावला आणि दांड्याचे टोक पंख्यास वीज आणणाऱ्या तारेस टेकविले. दिवा लागला, म्हणजे वीज पोहोचत आहे. नंतर तेच टोक त्यांनी पंख्यातून वीज परत नेणाऱ्या काळ्या तारेस टेकविले. तेथेही दिवा लागला! मी म्हणालो, दोन्ही ठिकाणी वीज आहे, मग उत्तमच. ते हसले. म्हणाले, "सेठजी, परतीच्या वाटेवर दिवा लागणे हीच चोरी पकडली जाण्याची खूण आहे."

ते असे की, वीज मोटरमधून जाऊन काळ्या तारेने गाडीच्या लोखंडी अंगास, म्हणजे अर्थिंगला, मिळते. वाट मोकळी असेल तर त्या तारेवर दाब जवळजवळ शून्य असतो व दिवा लागत नाही. दिवा लागला म्हणजे मोटरमधून आलेली वीज पुढे जाण्यास वाट न मिळून तेथेच तुंबली आहे. त्यांनी तारेचा माग काढला. बॅटरीखाली एका बोल्टवर तिचे टोक आवळलेले होते. त्याभोवती हिरवट-पांढरा गंज, त्यावर मंडीतील धूळ. बोल्ट सोडला, लोखंड व तारेचे टोक पॉलिशपेपरने चकचकीत घासले, पुन्हा आवळले व वर ग्रीस लावले. पंखा लागला. त्यांनी मागितले तेवढे पैसे मी दिले. त्या रकमेत आमच्या दुकानी चार माणसांचा चहाही झाला नसता.

व्होल्टमीटर असेल त्याने ही परीक्षा आकड्यांत करावी. पंख्यास हुकूम मिळालेला असताना काळी तार व बॅटरीचे ऋण टोक यांच्यात काही दशांश व्होल्टच दिसले पाहिजेत. कित्येक व्होल्ट दिसले तर अर्थिंग खराब आहे. लहान गाडीचा पंखाही दहा-पंधरा अँपिअर वीज ओढतो. पंधरा अँपिअर व बारा व्होल्ट म्हणजे एकशेऐंशी वॅट, छताच्या दोन पंख्यांहून अधिक. एवढ्या प्रवाहाच्या वाटेत अर्धा ओहम अडथळा आला तरी पंख्याच्या वाट्याचा दाब फार उतरतो. तो मंद फिरतो, वा फिरतच नाही. असा संपर्क धक्क्यांनी कधी जुळतो, कधी तुटतो. म्हणूनच वर्कशॉपात पाहिले त्या दिवशी पंखा चालू होता, आणि त्यांनी तो सोडून इतर सर्व बदलले. त्यांच्या बेईमानीचा पुरावा मजजवळ नाही. लागलेला पंखा पाहून कोणीही पुढेच जाईल. परंतु ड्रायव्हरला विचारले असते तर कोणत्या सिग्नलवर पंखा गप्प असतो, हे त्याने सांगितले असते.

आपल्या व्यवसायाशी निगडित असा आणखी एक दोष आहे. चाळण्या चालू असताना मंडीत आपण गाडी जवळच उभी करतो. फोलपट, भुसा व कुसळे उडून पुढच्या जाळीत बसतात आणि पंखा त्यांस आणखी आत ओढतो. वातानुकूलनाची जाळी व रेडिएटर यांच्या मधल्या फटीत हा थर साचतो, बाहेरून दिसत नाही. पंखा चालतो पण वारा जात नाही. हंगामाच्या आधी व नंतर थंड इंजिनावर मागच्या बाजूने पुढे, मंद धारेने पाणी मारून जाळी धुवावी. जोराच्या धारेने पातळ पत्रे दुमडतात व उपाय अपायास कारण होतो. पंख्याच्या मोटरीवर व जोडण्यांवर पाणी जाऊ देऊ नये.

वाटेत काटा चढू लागला तर वातानुकूलन बंद करावे, काचा उतरवाव्या व गाडीचा हीटर पूर्ण लावावा. वैशाखात हे ऐकून हसू येईल, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे व इंजिनाची थोडी उष्णता तो आत ओढून घेतो. काटा तांबड्यास टेकला वा वाफ दिसली तर क्षणभरही पुढे न जाता थांबावे. आमच्या घरी जवळ आलेल्या घराने हेड घालविले. तापलेल्या इंजिनावर बाहेरून थंड पाणी ओतू नये. निवाल्यावरही आत पाणी सावकाश भरावे.

दोष सापडला त्याच दिवशी मी ड्रायव्हरच्या घरी गेलो. तो घरी नव्हता, एका शाळेची बस चालवू लागला होता. दुसऱ्या रविवारी पुन्हा गेलो. झालेली चूक सांगितली, ती माझी होती असे त्याच्या मुलांसमोर म्हटले, आणि त्याचा जो पगार मी कापला होता तो दिला. त्याने पैसे घेतले, पण परत येणे नाकारले. बसची नोकरी त्यास सोयीची आहे. चहा होईपर्यंत आम्ही गप्प होतो. मग त्याने विचारले, "अर्थिंग कोणत्या बाजूचे होते?" मी सांगितले, बॅटरीखालचे. तो म्हणाला, "मला रिलेचा संशय होता," आणि मग आम्ही तासभर बोललो.

त्याच्याच सल्ल्याने आता गाडीच्या डिकीत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असतो. त्यात गाडीस लागणाऱ्या अँपिअरचे चार फ्यूज, एक जादा रिले, टेस्ट लॅम्प, फ्यूज लावलेली दोन हात तार, दहा नंबरचा पाना व जाड कापडाचा तुकडा आहे. शेजारी दोन बाटल्या पाणी. पॉलिशपेपर घालण्याचे मी विसरलो होतो, ते त्याने गेल्या दिवाळीत डबा पाहून सांगितले.